उजवी नळी, डावी नळी

२०२४ च्या ऑगस्टमध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझपदक मिळवले, त्या आठवड्यात माझ्या सातवीच्या वर्गात गणिताचे पुस्तक कुणी उघडलेच नाही. कांबळवाडी म्हणजे राधानगरी तालुका, आणि राधानगरी म्हणजे आमचा तालुका. एका मुलाने विचारले, "मॅडम, ती बंदूक आणि शिकारीची बंदूक एकच का?" मी म्हणाले, नाही. ती रायफल. तिच्या नळीत आतून पीळ असतो, गोळी फिरत फिरत जाते आणि पन्नास मीटरवर एका ठिपक्यात बसते. शिकारीची बाराबोरी बंदूक आतून गुळगुळीत असते, आणि तिच्यातून एक गोळी नाही, शेकडो छर्रे निघतात. मुले गप्प झाली. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्हाला कसं माहीत?"

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि गणित शिकवणाऱ्या, डोक्यावर ओढणी घेणाऱ्या बाईला हे माहीत असावे, याचे तिला नवल वाटले. तिला मी हसून टाळले. पण तो प्रश्न मनात राहिला, कारण त्याच दिवसांत आमच्या घरात एका बंदुकीवरून कागद अडकला होता, आणि त्या कागदावर सही करायची राहिलेली एकटी मी होते.

बंदूक माझ्या दादांची, म्हणजे आजोबांची. १९४० च्या सुमारास त्यांनी ती जुनीच विकत घेतली. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमची दुनळी. परवाना तेव्हा कोल्हापूर संस्थानाचा. १९४९ च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि परवाना मुंबई सरकारचा झाला, बंदूक तीच राहिली. ते दिवस शिकारीचे होते. कोल्हापूर दरबारात माणसाळवलेल्या चित्त्यांकडून काळविटाची शिकार करवली जाई, आणि ते चित्ते सांभाळणारी माणसे आपल्याच समाजातली होती. 'चित्तेवान' हे आडनाव अनेक वाचकांनी ऐकले असेल. दाजीपूरचे जंगल राजांचे राखीव शिकारीचे रान होते. नवीन राजवाड्याच्या संग्रहालयात पेंढा भरलेले वाघ आणि गवे पाहायला आम्ही दरवर्षी शाळेची सहल नेतो. पण दादांची शिकार दरबारी नव्हती. तितर, लावा, ससा, कधी रानकोंबडा. घरात चार तोंडे जास्त आली की दादा बंदूक काढत, असे दादी सांगत.

बंदुकीची पहिली गंमत अब्बांनी मला सांगितली ती नावाची. बारा बोर म्हणजे काय? एक रतल शिसे घ्या, त्याचे सारख्या वजनाचे बारा गोळे करा. त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोराची. एक रतल म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, म्हणजे गोळा साधारण ३८ ग्रॅमचा आणि नळीचे तोंड साडेअठरा मिलिमीटरचे. वीस गोळे केले तर गोळा लहान, नळीही लहान. म्हणून वीस बोराची बंदूक बारापेक्षा बारीक. आकडा वाढला की वस्तू लहान. छऱ्यांचेही तसेच. आठ नंबरचा छर्रा बाजरीएवढा, सहाचा त्याहून मोठा, चारचा आणखी मोठा. सहा नंबरचे एका औंसात २७० भरतात, चारचे १७०, बीबीचे ७०, आणि डुकरासाठी वापरतात त्या एसजीचे आठ, एलजीचे फक्त सहा. हा उलटा हिशेब मला अपूर्णांक शिकवताना अजून उपयोगी पडतो. छेद मोठा, तर तुकडा लहान.

दुनळीच्या दोन नळ्या बाहेरून जुळ्या बहिणी दिसतात, पण आतून सारख्या नसतात. आमच्या बंदुकीची उजवी नळी तोंडाशी थोडी आवळलेली आहे, डावी पुरती आवळलेली. याला चोक म्हणतात. पुरत्या चोकमध्ये नळीचे तोंड जेमतेम एक मिलिमीटरने अरुंद असते, अर्ध्या चोकमध्ये त्याच्या निम्म्याने. एवढ्याशा फरकाने काय होते, ते अब्बांनी मला परड्यातल्या पाण्याच्या पाइपवर दाखवले होते. पाइप मोकळा सोडला की पाणी जवळच पसरते; तोंडावर अंगठा दाबला की धार बारीक होऊन लांब जाते. जवळच्या, झुडपातून उडणाऱ्या पक्ष्याला मोकळी नळी, माळावरच्या लांबच्या सशाला आवळलेली. दोन चाप यासाठीच. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. पक्षी आधी जवळ असतो, मग लांब जातो; म्हणून आधी उजवी, मग डावी.

लोक विचारतात, नळी लांब असली की मार लांब जातो ना? काळ्या दारूच्या काळात यात तथ्य होते, कारण ती दारू सावकाश जळे आणि तिला लांब नळी लागे. आजच्या बिनधुराच्या दारूला अठ्ठावीस इंच असोत की तीस, मारात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो हातातल्या तोलात. (या 'दारू' शब्दावरून लहानपणी मी मोहल्ल्यात मोठाच घोटाळा केला होता. "आमच्या अब्बांच्या पेटीत दारू आहे," असे मी मकतबमध्ये मौलानासाहेबांना सांगून आले. संध्याकाळी ते घरी आले. अब्बांनी त्यांना काडतूस कापून दाखवले तेव्हा कुठे त्यांनी चहा घेतला.)

आता मुद्द्याचे. आपल्या घरांत शिकारीचा प्रश्न नेमापाशी संपत नाही, हलालपाशी येतो. तीर मारताना किंवा चाप ओढताना बिस्मिल्लाह म्हणायचे, हे सगळ्यांना माहीत असते. पण आमचे घराणे हनफी. त्या मताप्रमाणे छर्रा धारेने कापत नाही, आघाताने मारतो. म्हणून छऱ्यानेच जीव गेलेला पक्षी 'मौकूजा', मार बसून मेलेला, या प्रकारात मोडतो, आणि सूरह माइदामध्ये जे खाण्यास मना केले आहे त्यात तो येतो. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांनी शिकारीबद्दल विचारलेल्या प्रश्नाची हदीस याच बाबतीत सांगितली जाते, टोक घुसून मेलेली शिकार आणि आडवा मार लागून मेलेली शिकार यांत तिथे फरक केला आहे. बंदुकीच्या बाबतीत उलेमांमध्ये मतभेद आहेत, ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. आमच्या दादांनी मात्र आयुष्यभर एकच नियम पाळला. पक्षी जिवंत हाती लागला आणि जबह झाला, तरच तो घरात येईल.

या एका नियमाने त्यांच्या नळ्या आणि काडतुसे ठरत. तितर पंधरा पावलांवर उडाला आणि आवळलेल्या नळीतून चार नंबर मारला, तर हातात पिसांचा चिंधडा. तो हराम, आणि जीवही वाया. फार लांब, पन्नास पावलांवर, बारीक छऱ्याने मारला, तर एक-दोन छर्रे पोटात घेऊन तो उडून जाणार आणि कुठेतरी करवंदीच्या जाळीत दोन दिवसांनी मरणार. ते त्याहून वाईट. म्हणून दादा पक्षी उठला की लगेच मारत नसत. मनात मोजत, तीसएक पावलांवर जाऊ देत, आणि उजव्या नळीतून सहा नंबर सोडत. पंखाला तीन-चार छर्रे लागून तो खाली येई. मग पळायचे काम अब्बांचे. नऊ-दहा वर्षांचे अब्बा कमरेला सुरी बांधून खिंडीत उभे असत. पोहोचेपर्यंत पक्षी मेला असेल तर तो बरोबर आलेल्या शेजाऱ्याला. "त्या शेजाऱ्याला आमच्यापेक्षा जास्त तितर मिळाले," असे अब्बा हसत म्हणायचे. "मी पळायला जरा कमी पडायचो, आणि तो मला कधी घाई करायचा नाही."

घरी आले की दादी मांस मिठाच्या पाण्यात ठेवून बोटांनी छर्रे चाचपत. काढलेले छर्रे पितळी वाटीत टणटण वाजत. तरी एखादा दाताखाली येईच. तेव्हा त्याचे कुणाला काही वाटत नसे. आज माहीत आहे की छर्रा काढला तरी त्याच्या वाटेवर शिशाचा चुरा मांसात उरतो, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. तळ्याकाठचे पक्षी तळाशी पडलेले छर्रे दाणे समजून गिळतात आणि विषाने मरतात, म्हणून अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ पासून बंद केले. तिथे पोलादाचे छर्रे आले. पण पोलाद शिशासारखे दबत नाही. जुन्या पातळ, आवळलेल्या नळीतून ते मारले तर नळीचेच नुकसान. म्हणजे छर्रा बदलायचा तर बंदूक बदला.

दादांची शिकार १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने परवान्याची आणि हंगामाची झाली. १९५८ साली दाजीपूर अभयारण्य झाले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढे हळूहळू तितर, ससा, रानकोंबडा सगळे संपले. म्हणजे ते वाचले आणि आमची शिकार संपली. दादांना ते कठीण गेले. अब्बांना नाही. ते म्हणायचे, "मी पळून पळून दमलो होतो." मी जन्मले तेव्हा बंदूक फक्त पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घरात होती.

तरी ती रिकामी बसली नाही. उसाला रानडुकरे लागत. एका रात्रीत दहा गुंठे आडवे करतात, खातात थोडे आणि मोडतात फार. वनखात्याची परवानगी हाती असली की गावातून निरोप यायचा, "मामू, उसात डुकरं शिरल्यात. या की बंदूक घेऊन." अब्बा जायचे. ज्याला हात लावायचा नाही असे जनावर मारायला मुसलमानाला बोलावणे, यात कुणालाच काही गमतीचे वाटत नसे. बंदूक चालवणारे हात वाडीत तेवढेच होते. जनावर पडले की अब्बा लांब उभे राहत. पुढचे गावाचे. घरी येऊन ते विहिरीवर अंघोळ करून फजरला उभे राहत. सकाळी कुणीतरी दारात गुळाची ढेप ठेवून जाई.

डुकरासाठी एलजी, आणि तेही उजव्या नळीतूनच. मोठे छर्रे आवळलेल्या नळीत एकमेकांवर चेपतात आणि बाहेर पडल्यावर कुठेही जातात. आणि पंचवीस पावलांच्या पुढे नाही. एलजीचे छर्रे काडतुसात असतातच मोजके. चाळीस पावलांवर त्यातला एखादाच लागतो, तोही मागच्या पायाला. मग ते जनावर उसात शिरते आणि दुसऱ्या दिवशी पाणी पाजायला आलेल्या माणसाच्या अंगावर येते. तोंडात बसेल असा एकच मोठा गोळा तर अब्बा कधीच वापरत नसत. जुन्या काही इंग्रजी चोकच्या नळ्यांवर 'नॉट फॉर बॉल' असे कोरलेलेच असते. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला वाटले, चेंडू खेळू नये असे लिहिले आहे.

वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, अब्बा बंदूक तपासत. शेताच्या बांधाला जुने वर्तमानपत्र टांगायचे. चाळीस पावले मोजायची. एक बार. मग कागद खाली काढून त्यावर तीस इंच व्यासाचे वर्तुळ आखायचे आणि आतली भोके मोजायची. मोजणी माझ्याकडे. मी पेन्सिलीने एकेक भोक खोडत जायची. काडतुसात छर्रे साधारण २८७, वर्तुळात आले १७०, तर शंभरात किती? पुरता चोक असेल तर सत्तर यावेत, अर्धा असेल तर साठ, मोकळी नळी असेल तर चाळीस. शेकडेवारी मी शाळेत शिकले नाही, बांधावर शिकले. जिवंत जनावराला नेमबाजीचे लक्ष्य करू नये, अशी हदीस आहे, अब्बा म्हणायचे, "बेटा, कागज बिचारा कुछ नहीं बोलता." ते कागद घडी करून ते पेटीत ठेवत. कोपऱ्यात तारीख, नळी, नंबर, आकडा.

मी सात वर्षांची असताना चाचांचा हात गेला. हात म्हणजे डाव्या हाताची दोन बोटे आणि अंगठ्याची ताकद. त्यांची स्वतःची एकनळी होती. पावसाळा होता, आणि आमच्याकडचा पावसाळा वाचकांना माहीत आहे. भिंतीलाही बुरशी येते. काडतुसे जुनी, कागदी नळकांड्याची, दमट झालेली. उसाच्या कडेला उभे राहून त्यांनी बार काढला तर आवाज झाला तो नुसता 'फुस्'. आपण बोलताना 'फुसका बार' सहज म्हणतो. फुसक्या बाराचा खरा अर्थ असा, की दारू पुरती पेटली नाही, आणि छऱ्यांच्या मागची डाट, किंवा छर्रेसुद्धा, नळीत अर्ध्यावर अडकून बसले. अशा वेळी बंदूक मोडायची, काडतूस काढायचे, आणि नळीतून उजेड पाहायचा. आरपार दिसला तरच पुढचे काडतूस. चाचांच्या समोर डुक्कर उभे होते. त्यांनी दुसरे भरले आणि चाप ओढला. नळी डाव्या हाताखालीच फाटली.

त्यांना बैलगाडीने रस्त्यापर्यंत आणि तिथून उसाच्या ट्रॅक्टरने कोल्हापूरला नेले. चाचा शिवणकाम करायचे. पुढे त्यांनी चहाची गाडी टाकली, पण ईदच्या आधी मोहल्ल्यातली मुले कापड घेऊन यायची तेव्हा ते आत जाऊन बसत. अब्बांनी त्यानंतर मला बंदुकीबद्दल शिकवायला सुरुवात केली, त्याच्या आधी नाही. मुलीला हे कशाला, असे दादी म्हणाल्या. अब्बा म्हणाले, "घरात वस्तू आहे तर घरातल्या प्रत्येकाला तिची भीती कुठे ठेवायची ते कळलं पाहिजे."

अब्बांचा इंतकाल दोन वर्षांपूर्वी झाला. परवानाधारक गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करावे लागते. निवडणुकीच्या वेळी आचारसंहिता लागली की अब्बा ते जमा करून यायचेच, त्यामुळे आम्हाला नवीन नव्हते. पण जमा करायच्या आदल्या दिवशी भावाचा मुलगा पेटी उघडून बसला. वय चोवीस, शेती तोच पाहतो. त्याचे वडील, माझे भाऊ, शारजाला असतात. मी खोलीत गेले तर त्याने बंदूक मोडून उजव्या नळीत लाल काडतूस सरकवले होते.

"फुप्पी, बघ, बसलं की बरोबर."

मी ते काढून घेतले. माझा हात थरथरत होता. पेटीत दोन डबे होते. एका डब्यावर निळ्या शाईत अब्बांनी लिहिले होते 'आपलं'. दुसऱ्यावर लाल शाईत 'आपलं नाही'. लाल शाईवाल्या डब्यातली काडतुसे ७० मिलिमीटरची होती. शेवटच्या वर्षांत नजर कमी झाल्यावर त्यांनी दुकानातून घाईत चुकीची उचलली असणार, आणि घरी येऊन लिहून ठेवले.

मुलाला मी नळ्या उलट्या करून दाखवल्या. नळ्यांच्या बुडाशी, सपाट भागावर, परीक्षणाच्या बारीक खुणा कोरलेल्या असतात. तिथे अडीच इंच असे लिहिले होते. म्हणजे ६५ मिलिमीटर. बाजारात ६५ आणि ७० अशी दोन्ही मिळतात. फसवणूक अशी, की ७० चे काडतूस ६५ च्या घरात अगदी सहज बसते, कारण न उडालेल्या काडतुसाचे तोंड घडी घालून मिटलेले असते आणि त्याची लांबी कमी भरते. ७० हा आकडा उडाल्यानंतरच्या, उघडलेल्या नळकांड्याचा. बार होतो तेव्हा ती घडी उघडते, आणि उघडायला जागा नसली तर पुढच्या अरुंद भागात शिरून रस्ता आवळते. दाब वाढतो. एखादे वेळी काही होत नाही. दहा वेळाही होत नाही. तो म्हणाला, "बसलं म्हणजे चालतं असं वाटलं." मी म्हणाले, "तुझ्या चाचादादांनाही वाटलं होतं."

जुन्या बंदुकांत आणखी एक प्रकार सांगून ठेवते, कारण पुष्कळ घरांत अजून भिंतीवर अशी बंदूक असते. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी किंवा पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली तर ती लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, वेढून जोडलेली नळी असते. तिला दमास्कस म्हणतात, आपल्या दमिश्कच्या नावावरून. घडवत मात्र त्या बेल्जियममध्ये आणि बर्मिंगहॅममध्ये. दिसायला फार सुंदर. काळ्या दारूसाठी केलेली. तिच्यात आजचे काडतूस घालू नये.

पुतण्याला परवाना आपल्या नावावर हवा होता. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. डुकरे वाढली आहेत, आता गवेही खाली उतरतात, आणि गव्याला तर हातही लावता येत नाही. वारसांपैकी एकाच्या नावे अर्ज करायचा तर बाकीच्यांची ना हरकत लागते. भावाची सही शारजाहून आली. अम्मीने केली. तरक्यात माझाही वाटा, म्हणून माझीही हवी. तो दर रविवारी यायचा, कागद घेऊन, भाजी घेऊन. मी म्हणाले, आधी जाणकाराकडून नळ्या तपासून घेऊ, मग सही.

दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराने लाकूड वेगळे केले आणि नुसत्या नळ्या बोटावर टांगून नखाने टिचकी मारली. घंटेसारखा आवाज आला. "सांधे चांगले आहेत," ते म्हणाले. मग त्यांनी नळी उजेडाकडे धरून आतून पाहिली. उजवी पाहिली, ठेवली. डावी पाहायला वेळ लागला. त्यांनी मला बोलावले. "मॅडम, बघा. वरून दोन वीत अंतरावर."

आत गुळगुळीत चकाकीत एक काळसर कडे दिसत होते, अंगठीएवढे. बाहेरून बोट फिरवले तर नखाला अगदी किंचित उंचवटा लागला. तो फुगवटा होता. कधीतरी त्या नळीत काहीतरी अडकलेले असताना बार काढला गेला होता. नळी फाटली नाही, एवढेच.

"हे तुमच्या वडिलांना माहीत असणार," कारागीर म्हणाले. "असं झाल्यावर हाताला कळतं."

घरी येऊन मी पेटीतले कागद काढले. तारखेप्रमाणे लावले, शिक्षकाला ती सवय असते. १९९४ पर्यंत दर वर्षाचे दोन कागद. उजवी, डावी. उजवी, डावी. १९९५ पासून एकच. उजवी. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि मोजणी अजून मीच करत होते. मला आता आठवते, मी विचारलेही होते, डावीचा कागद का नाही? अब्बा म्हणाले होते, "आपल्याला उजवी पुरते." चाचा तेव्हा शेजारीच बांधावर बसले होते, आणि तेही काही बोलले नव्हते. ते हयात आहेत. मी गेल्या महिन्यात त्यांना विचारले. ते बराच वेळ उजव्या हाताने डाव्या हाताची उरलेली बोटे दाबत राहिले. मग म्हणाले, "भाई म्हणाला होता, तुला सांगितलं तर तू मला हसशील. मी हसलो नव्हतो."

पुतण्याला मी नळी दाखवली, कागदही दाखवले. त्याने विचारले, उजवीवर चालवता येणार नाही का? अब्बांनी तर पंचवीस-तीस वर्षे चालवली. याला माझ्याकडे उत्तर नव्हते. कारागिरांनी दिले. म्हणाले, अंधारात, समोर जनावर असताना, मागच्या चापावर बोट जाणार नाही याची हमी कोण देणार? मुलगा गप्प बसला. त्याने या हंगामात उसाभोवती सौर कुंपण आणि झटका मशीन लावले आहे. डुकरे दोनदा तरीही शिरली, कारण एका बाजूच्या तारेवर गवत वाढले होते. नवी बंदूक घ्यायची की नाही, हे तो आणि त्याचे वडील ठरवतील. त्यासाठी माझी सही लागत नाही.

ना हरकतीच्या कागदावर मी सही केली नाही. दुसऱ्या कागदावर केली, बंदूक दुकानातच कायमची जमा राहावी म्हणून. काडतुसेही मोजून दिली. 'आपलं' डब्यातली अकरा, 'आपलं नाही' डब्यातली पंचवीस. दुकानदाराने पावतीवर दोन्ही डब्यांची लांबी वेगवेगळी लिहून घेतली. कागदांची चळत मात्र मी शाळेत आणली आहे. सातवीला शेकडेवारी सुरू व्हायची आहे. १९९३ चा, डाव्या नळीचा कागद मी फळ्याला लावणार आहे. त्यावर भोके २०३ आहेत, आणि पाच-सहा ठिकाणी माझ्या लहानपणीच्या पेन्सिलीने एकच भोक दोनदा खोडलेले दिसते.